साँडर्सने खरोखरच माघार घेतली?

- क्रीडा प्रतिनिधी

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये ८ मे २०२१ च्या रात्री ७३ हजार १२६ प्रेक्षक जमले होते. कोरोनाच्या सावटाखालील त्या दिवसांत एवढा जनसमुदाय एका छपराखाली येणे हीच मोठी बातमी होती. बंदिस्त जागेतील मुष्टियुद्धासाठी अमेरिकेत त्यापूर्वी इतकी गर्दी कधीच झाली नव्हती. मेक्सिकोचा शॉल 'कॅनेलो' अल्वारेझ आणि इंग्लंडचा बिली जो साँडर्स यांच्यातील सुपर मिडलवेट गटाची ही लढत. साँडर्स तोवर अपराजित होता. ३० लढती, ३० विजय. आठवी फेरी संपली, दोघे आपापल्या कोपऱ्यात गेले आणि नववी फेरी सुरू झालीच नाही. साँडर्स स्टुलावरून उठला नाही.

निकालाची नोंद साधी होती. साँडर्सच्या कोपऱ्याने लढत सोडली, अल्वारेझ विजयी. पण रिंगभोवतीची दोरी सुटण्याआधीच एका वेगळ्याच लढतीला तोंड फुटले होते. साँडर्स जखमी होता म्हणून थांबला, की हिंमत हरला म्हणून? मुष्टियुद्धाच्या जगात 'क्विटर' या शब्दाएवढी वाईट शिवी दुसरी नाही. हरलेल्याला दुसरी संधी मिळते, बाद झालेल्यालाही मिळते. स्वतःहून थांबलेल्याला मात्र ती मिळवताना दारोदार हिंडावे लागते.

आधी त्या रात्री नेमके काय घडले ते पाहू. पहिल्या चार फेऱ्या अल्वारेझच्या बाजूने झुकलेल्या असल्या, तरी पाचव्या-सहाव्या फेरीत साँडर्सला लय सापडू लागली होती. डावखुऱ्या पवित्र्यातून तो अंतर राखून खेळत होता आणि त्याचे सरळ ठोसे अधूनमधून नेमके बसत होते. तिन्ही गुणपत्रकांवर अल्वारेझ पुढे होता, पण फरक दोन ते चार गुणांचाच होता. लढत हातची गेली म्हणून कोणी बहाणा शोधावा, अशी ती परिस्थिती नव्हती. आठव्या फेरीत साँडर्स वाकून पुढे आला आणि त्याच क्षणी अल्वारेझचा उजव्या हाताचा अपरकट त्याच्या उजव्या डोळ्याखाली बसला. अल्वारेझने लगेच दोन्ही हात उंचावून प्रेक्षकांना गजर करायला लावले. गालाचे हाड मोडल्याचे आपल्याला तेव्हाच कळले होते आणि तो पुढच्या फेरीसाठी येणार नाही, असे आपण आपल्या कोपऱ्याला सांगितले होते, हे त्याने नंतर सांगितले.

उरलेली फेरी साँडर्सने कशीबशी काढली. मधल्या एका मिनिटात त्याचे प्रशिक्षक मार्क टिब्ज यांनी लढत थांबवली. त्याला दिसत नव्हते, म्हणून मी त्याला बाहेर काढले, हे टिब्ज यांचे म्हणणे. साँडर्सची रवानगी थेट रुग्णालयात झाली. डोळ्याची खोबण एकाहून अधिक ठिकाणी मोडली होती, गालाचे हाडही तुटले होते. शस्त्रक्रिया करावी लागली.

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. तो संपला नाही, याचे कारण स्वतः साँडर्सच होता. त्याआधी जेमतेम पाच महिन्यांपूर्वी त्याने दुसऱ्या एका जखमी मुष्टियोद्ध्याची जाहीर हजेरी घेतली होती.

ती गोष्ट डॅनिएल डुब्वा याची. २८ नोव्हेंबर २०२० रोजी लंडनमध्ये, वेस्टमिन्स्टरच्या चर्च हाउसमध्ये डुब्वा आणि जो जॉइस यांची हेवीवेट लढत झाली. कोरोनामुळे सभागृहात प्रेक्षक नव्हते. ठोशांचा आणि श्वासांचा आवाज दूरचित्रवाणीवर स्पष्ट ऐकू येत होता. डुब्वा २३ वर्षांचा, अपराजित. जॉइस ३५ वर्षांचा, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेता. जॉइसचा डावा हात सुरुवातीच्या फेऱ्यांपासून एकाच जागी, डुब्वाच्या डाव्या डोळ्यावर, पडत राहिला. डोळा सुजत गेला आणि अखेर पूर्ण मिटला. दहाव्या फेरीत त्याच डोळ्यावर आणखी एक ठोसा बसला आणि डुब्वाने एक गुडघा टेकला. पंच इयान जॉन-लुईस यांनी दहापर्यंत आकडे मोजले. डुब्वा शुद्धीत होता आणि समोर पाहत होता, पण तो उठला नाही. तोवर तीनपैकी दोन गुणपत्रकांवर तोच पुढे होता.

दुसऱ्या दिवशीपासून टीकेचा भडिमार सुरू झाला. माजी विजेते, समालोचक, सहकारी, सगळ्यांनी तोंडसुख घेतले. डोळ्याची खोबण मोडली आहे आणि डोळ्याच्या पडद्यामागे रक्तस्राव झाला आहे, हे वैद्यकीय तपासणीत उघड झाल्यावर काहींनी आपले शब्द मागे घेतले. साँडर्स त्यांच्यातला नव्हता. आपल्या दोन्ही खोबणी मोडल्या, जबडा मोडला, दात पडले तरी आपण गुडघा टेकणार नाही. बाद होऊनच बाहेर जाऊ, अशा आशयाची भाषा त्याने वापरली होती.

आणि मग आर्लिंग्टन. नियतीचा न्याय म्हणावा, तर इतका नेमका न्याय कथेतही पटत नाही. डुब्वानेही समाजमाध्यमांवर साँडर्सला त्याच्या शब्दांची आठवण करून देण्याची संधी सोडली नाही. हे फारसे उदारपणाचे नव्हते; पण ज्याने पाच महिने ती शिवी सोसली, त्याच्याकडून उदारपणाची अपेक्षा तरी कशी करावी?

या दोन प्रसंगांत जखम जवळपास सारखीच होती. फरक होता तो फक्त वेळेचा. साँडर्सला ठोसा बसल्यानंतर फेरी संपली, बसायला स्टूल मिळाले आणि निर्णयाचे ओझे उचलायला प्रशिक्षक पुढे आला. डुब्वा भर फेरीत, रिंगच्या मध्यात एकटा होता. त्याचा डोळा कित्येक फेऱ्या बंद होत चालला असताना त्याच्या कोपऱ्याने त्याला पुन्हा पुन्हा बाहेर पाठवले होते. जो निर्णय नवव्या फेरीनंतर वडीलधाऱ्यांनी घ्यायला हवा होता, तो दहाव्या फेरीत २३ वर्षांच्या मुलाला गुडघ्यावर बसून घ्यावा लागला. तरी नोंदवहीत साँडर्सच्या नावापुढे 'कोपऱ्याने सोडली' असे लिहिले गेले आणि डुब्वाच्या नावापुढे 'बाद'.

खोबण मोडणे म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय या वादाला अर्थ नाही. डोळा ज्या हाडाच्या वाटीत बसलेला असतो, त्या वाटीचा तळ कागदासारखा पातळ असतो. डोळ्यावर जोराचा दाब आला की हा तळ खाली फुटतो. डोळा हलवणारा स्नायू कधी कधी त्या भेगेत अडकतो. मग डोळा वर-खाली होत नाही आणि एकाच्या जागी दोन आकृत्या दिसू लागतात. गाल आणि वरचा ओठ बधिर होतो. जखमी माणसाने नाक शिंकरले तर हवा थेट खोबणीत शिरून सूज वाढते. समोर दोन प्रतिस्पर्धी दिसत असतील तर खरा कोणता, हे ठोसा बसल्यावरच कळते. अंतराचा अंदाज हाच ज्या खेळाचा प्राण, त्यात असा माणूस लढत नसतो. तो केवळ मार खाण्यासाठी उभा असतो. डोक्यावर येणारा ठोसा दिसला तर मान आवळता येते. न दिसलेला ठोसा थेट मेंदूला हादरा देतो.

शेफिल्डच्या केल ब्रूकला हे दोनदा अनुभवावे लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये गेनाडी गोलोव्हकिनने त्याची उजवी खोबण मोडली. तेव्हा प्रशिक्षक डॉमिनिक इंगल यांनी पाचव्या फेरीत टॉवेल टाकला. ब्रूक रागावला होता, प्रेक्षकांनी मात्र त्याला डोक्यावर घेतले. नऊ महिन्यांच्या आतच, मे २०१७ मध्ये, आपल्याच गावच्या ब्रॅमॉल लेन मैदानावर एरॉल स्पेन्सविरुद्ध त्याची डावी खोबण गेली. या वेळी टॉवेल आला नाही. अकराव्या फेरीत ब्रूकने स्वतः गुडघा टेकला, जगज्जेतेपद गमावले आणि घरच्याच प्रेक्षकांतून आलेली कुजबुज ऐकली. माणूस तोच आणि जखमही तीच होती. फक्त निर्णय कोणी घेतला, एवढे बदलले होते.

इथेच या वादाची खरी गोम आहे. मुष्टियुद्धाने फार पूर्वीच एक सोयीस्कर व्यवस्था लावून ठेवली आहे: योद्ध्याने कधीही 'पुरे' म्हणायचे नाही, ते त्याच्या वतीने दुसऱ्याने म्हणायचे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये उघड्या मुठींनी लढत तेव्हाही पडलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात रेघेपर्यंत आणून उभे करण्याची जबाबदारी त्याच्या साहाय्यकांची असे. पुढे ते स्पंज फेकू लागले, नंतर टॉवेल आला. 'कोपऱ्याने थांबवले' हे वाक्य बऱ्याचदा वस्तुस्थिती असते आणि बऱ्याचदा शिष्टाचार. स्टुलावरच्या त्या एका मिनिटात कोण काय म्हणाले, कोणी कोणाकडे पाहिले आणि कोणी पाहणे टाळले, हे बाहेर येत नाही. चांगला प्रशिक्षक दोष आपल्या माथी घेतो. टिब्ज यांनी तो घेतला. साँडर्सला खरोखर विचारले असते तर तो काय म्हणाला असता? त्या क्षणी त्याने उठून आकांडतांडव केले नाही, एवढे सर्वांनी पाहिले. माझ्या मते तोही थांबायलाच तयार होता, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. लाज वाटायला हवी ती डुब्वाविषयी काढलेल्या उद्गारांची.

इतिहासात याची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. २५ फेब्रुवारी १९६४, मायामी बीच. हेवीवेट विजेता सॉनी लिस्टन सातव्या फेरीसाठी स्टुलावरून उठला नाही आणि कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा महंमद अली, जगज्जेता झाला. डावा खांदा दुखावल्याचे लिस्टनने सांगितले. कोणाचाच विश्वास बसेना. त्याचे मानधन रोखून धरण्यात आले. डॉक्टरांनी खांदा तपासून स्नायूबंध फाटल्याचे सांगितले, तरी संशय फिटला नाही तो नाहीच. गुणपत्रकांवर तेव्हा बरोबरी होती, हे कोणी लक्षात ठेवत नाही. आणखी एक गोष्टही फारशी आठवली जात नाही. त्याच लढतीत चौथ्या फेरीनंतर क्लेच्या डोळ्यांत काहीतरी जाऊन भयंकर जळजळ होऊ लागली होती. आपले ग्लोव्ह्ज कापून टाका, असे तो ओरडत होता. प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी त्याचे डोळे धुतले आणि त्याला अक्षरशः ढकलून पाचव्या फेरीसाठी पाठवले. डंडी यांनी त्या वेळी त्याचे ऐकले असते, तर 'क्विटर' कोण ठरला असता?

विताली क्लिच्कोची कथा तर या शिक्क्याचा पोकळपणाच दाखवते. १ एप्रिल २००० रोजी बर्लिनमध्ये ख्रिस बर्डविरुद्ध तो तिन्ही गुणपत्रकांवर भरभक्कम आघाडीवर होता. नवव्या फेरीनंतर खांद्याचे स्नायूबंध फाटल्याने तो थांबला. फक्त तीन फेऱ्या उरल्या होत्या, एका हाताने रेटून नेल्या असत्या, असे म्हणत अमेरिकन समालोचकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. तीन वर्षांनी, २१ जून २००३ रोजी, लॉस एंजेलिसमध्ये लेनॉक्स लुईसविरुद्ध त्याच्या डाव्या डोळ्याभोवती इतक्या खोल जखमा झाल्या की डॉक्टरांनी सहाव्या फेरीनंतर लढत थांबवली. याही वेळी तो आघाडीवर होता. मात्र या वेळी तो रक्तबंबाळ चेहऱ्याने डॉक्टरांशी भांडला आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. एका रात्रीत भित्र्याचा शूर झाला. वास्तविक दोन्ही वेळी तो माणूस एकच होता. खांदा आतून फाटला होता म्हणून कोणाला दिसला नाही, आणि डोळ्याचे रक्त कॅमेऱ्याला दिसले. आज तो युक्रेनची राजधानी कीव्हचा महापौर म्हणून जगाला ठाऊक आहे. २०१४ पासून ते पद त्याच्याकडे आहे.

मग खरी माघार असतेच का? असते. २५ नोव्हेंबर १९८० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये शुगर रे लेनर्डविरुद्ध आठव्या फेरीत रॉबर्टो डुरान अचानक वळला, हात झटकला आणि आपल्याला लढायचे नाही, असे त्याने पंचांना सुचवले. रक्त नाही, मोडलेले हाड नाही. लेनर्ड त्याला फटकावत कमी आणि चिडवत जास्त होता. हात गरगर फिरवून, जीभ दाखवून त्याने डुरानचा पाणउतारा चालवला होता. डुरानने नंतर पोटात गोळा आल्याचे कारण दिले. 'नो मास', म्हणजे 'आता नाही', हे शब्द आपण उच्चारलेच नाहीत, असे तो पुढेही सांगत राहिला. त्याच्यावर विश्वास ठेवणारे थोडेच. पण इथेही एक गोष्ट नमूद करायला हवी. त्यानंतर डुरानने आणखी दोन वजनी गटांत जगज्जेतेपद मिळवले, १९८३ मध्ये आणि १९८९ मध्ये. एका रात्री थांबलेला माणूस कायमचा भित्रा असतो, हा सिद्धान्त डुरानच्या बाबतीतही टिकत नाही.

थांबणाऱ्याला हसणे सोपे असते, कारण न थांबणाऱ्याची किंमत प्रेक्षकाला मोजावी लागत नाही. १९ जुलै २०१९ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात रशियाचा मॅक्सिम दादाशेव सुब्रिएल मटियासकडून बेदम मार खात होता. अकराव्या फेरीनंतर त्याचे प्रशिक्षक बडी मॅकगर्ट त्याच्यापुढे वाकले आणि लढत थांबवू दे, म्हणून त्याला अक्षरशः विनवू लागले. दादाशेव मानेनेच नाही म्हणत राहिला. मॅकगर्ट यांनी अखेर त्याचे न ऐकता लढत थांबवली. त्याला स्वतःच्या पायांनी ड्रेसिंग रूमपर्यंतही जाता आले नाही. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. चार दिवसांनी तो गेला. वय २८. त्याला कोणी 'क्विटर' म्हटले नाही. हे चित्रण आजही पाहता येते, पण एकदा पाहिल्यावर पुन्हा पाहण्याचा धीर होत नाही. या मजकुरासाठी मी ते दुसऱ्यांदा पाहिले.

प्रशिक्षकाने वेळीच पाऊल उचलले तरी त्याचे कौतुक होतेच असे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये टायसन फ्युरीने डिऑन्टे वाइल्डरची दैना केली, तेव्हा सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातून मार्क ब्रीलंड यांनी टॉवेल टाकला. कानातून रक्त येत असलेल्या, तोल सावरता न येणाऱ्या माणसाला त्यांनी वाचवले. वाइल्डरने त्यांना काढून टाकले. कोपऱ्यातील माणसाने असे एकदा पाहिले की पुढच्या खेपेस त्याचा हात टॉवेलकडे जाताना कचरणारच.

आपल्याकडचा अनुभवही याहून फार वेगळा नाही. आर्लिंग्टनच्या लढतीनंतर तीनच महिन्यांच्या आत, १ ऑगस्ट २०२१ रोजी, टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचा सुपर हेवीवेट मुष्टियोद्धा सतीश कुमार उझबेकिस्तानच्या बाखोदिर जालोलोव्हसमोर उभा राहिला. आधीच्या लढतीत झालेल्या जखमांमुळे त्याच्या चेहऱ्यावर १३ टाके होते. तो ०-५ असा हरला. लढतीदरम्यान टाके उसवले. देशभरातून त्याच्या जिद्दीवर स्तुतिसुमने उधळली गेली आणि त्याची जिद्द खरोखरच मोठी होती. पण त्याने त्या सकाळी नाही म्हटले असते तर? लष्करातील हा जवान, १३ टाके घेतलेला, ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत न उतरता परतला असता, तर त्याच वाक्यांची धार त्याच्यावर उलटली नसती, असे छातीठोकपणे कोण सांगेल? त्याला उतरू द्यावे की नाही, हा प्रश्न विचारण्याऐवजी आपण त्याच्या धैर्याचे मथळे रचले. वृत्तपत्रेही त्यातून सुटलेली नाहीत.

या साऱ्यामागे पैशाचा हिशेबही आहेच. ज्याच्यावर शिक्का बसला, त्याची पुढची लढत स्वस्त होते. प्रक्षेपण करणाऱ्या कंपन्या हात आखडता घेतात. शिक्का पुसण्यासाठी मग तो योद्धा अधिक धोका पत्करतो. डुब्वाचेच पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये केव्हिन लेरेनाविरुद्ध पहिल्याच फेरीत गुडघा दुखावून तो तीनदा खाली गेला. तीनही वेळा उठला आणि तिसऱ्या फेरीत जिंकला. तो गुडघा पुढे शस्त्रक्रियेला न्यावा लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये ओलेक्झांडर उसिककडून नवव्या फेरीत हरला, तेव्हा जुनी शिवी पुन्हा बाहेर निघाली. जून २०२४ मध्ये त्याने फिलिप ह्रगोव्हिचला हरवले. २१ सप्टेंबर २०२४ रोजी वेम्बलीवर ९६ हजार प्रेक्षकांसमोर त्याने अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत बाद केले, तेव्हा चार वर्षांपूर्वी त्याला हिणवणारेच त्याच्या काळजाचे गोडवे गाऊ लागले. जुलै २०२५ मध्ये त्याच मैदानावर उसिकने त्याला पाचव्या फेरीत झोपवले आणि तो उठू शकत होता की नाही, याची चर्चा त्याच रात्री सुरू झाली.

जॉइसविरुद्धच्या त्या लढतीत डुब्वाने गुडघा टेकला नसता, तर यातले काहीच घडले नसते, हे मात्र त्या चर्चेत कोणाच्या बोलण्यात आले नाही.